गाडीचं विचारा : रोजच्या पाच किलोमीटरला जुनी फियाट घ्यावी का?

प्रश्न : नमस्कार काका, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, ऑफिस पलासियाला, म्हणजे जाऊन-येऊन दहा-अकरा किलोमीटर. आत्तापर्यंत स्कूटीवर भागत होतं पण आता लेकीला शाळेत सोडून पुढे जायचं असतं आणि पावसात ते जमत नाही. बजेट दोन लाखांच्या आत. सगळे म्हणतात नवीन छोटी गाडी हप्त्यावर घे, पण आमच्या आजोबांची फियाट होती आणि मला मनापासून तसलीच गाडी हवीये. तीन गाड्या बघितल्या. एक ९६ ची प्रीमियर पद्मिनी, एक डिझेल अँबॅसेडर, आणि एकजण १९७२ ची फियाट देतोय, तो म्हणतो "मॅडम, विंटेज नंबर करवा दूँगा, फिर कोई झंझट नहीं". आमचे हे म्हणतात जुनी मारुती ८०० घे आणि विषय संपव. अंतर इतकं कमी आहे तर कुठलीही चालेल ना?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो कारण सगळी गोम तिथंच आहे. अंतर कमी म्हणून कुठलीही चालेल असं जवळपास सगळ्यांना वाटतं आणि आहे नेमकं उलटं. जुन्या कार्बोरेटरवाल्या इंजिनाला भोपाळला जाऊन ये म्हटलं तर ते खुशीत जाऊन येईल, पण रोज सकाळी थंड उठायचं, पाच किलोमीटर सिग्नल-सिग्नल रांगायचं, पुरतं गरम व्हायच्या आत बंद व्हायचं आणि संध्याकाळी परत तेच, ह्यानं ते आतून खराब होत जातं. कसं आहे, पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होतेच, इंजिन गरम असेल तर ती उडून जाते, नसेल तर आतल्या गार लोखंडावर पाणी धरतं आणि ते ऑइलमध्ये उतरतं, वर चोक ओढलेला असेल तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धूत खाली त्याच ऑइलमध्ये जातं. सायलेन्सरही त्या पाण्यानं आतून सडतो, बाहेरून बघाल तर ठणठणीत. बॅटरीचं पण तेच, सकाळी स्टार्टरनं जेवढं ओढलं तेवढं भरून निघायला वेळच मिळत नाही, त्यात पावसाळा, हेडलाइट आणि वायपर चालू, आणि गाडी फारच जुनी असून अल्टरनेटरच्या जागी डायनॅमो असेल तर सिग्नलवर उभं असताना तो बॅटरीला जवळजवळ काहीच देत नाही.

तर तुमच्यासाठी निवडायची कसोटी वेगळी. किती पळते, क्रोम किती चमकतं हे बाजूला ठेवा. थंड असताना पटकन उठते का, लवकर गरम होते का आणि घरापासून रिक्षाच्या अंतरावर तिला हात लावणारा मिस्त्री आहे का, एवढं बघा. आणि हो, कागद. कागद सगळ्यात आधी.

कागदावरून ती ७२ ची फियाट पहिल्यांदा निकालात काढू. ५० वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला विंटेज म्हणून नोंदवता येतं हे खरं आहे, २०२१ च्या जुलैत केंद्राचे नियम आले, नंबरप्लेटवर 'व्हीए' अशी अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण तो गृहस्थ जे सांगत नाहीये ते असं की ह्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढताच येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढ्यासाठीच. म्हणजे लेकीला शाळेत सोडायला निघालात की झंझट तिथंच सुरू. ७२ ची गाडी साध्या आरसीवर असेल आणि वेळोवेळी रिन्यू होत आली असेल तर ती रोज चालवायला हरकत नाही, पण मग त्याला म्हणावं विंटेजचं नाव काढू नकोस आणि चालू मुदतीचं आरसी दाखव. दाखवणार नाही बघा.

साध्या आरसीचं गणित असं. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी रिन्यू. तुमच्या ९६ च्या पद्मिनीचं आरसी २०११ ला संपलं असणार, मग २०१६, मग २०२१, मग २०२६. हे टप्पे आरसीवर दिसतात का बघा. ही फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून कारसाठी ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी १०,०००. मालकानं मुदत चुकवली असेल तर दर महिन्याला ५०० रुपये वर चढतात आणि चार-पाच वर्षं चुकवलेली गाडी "मॅडम, सस्ते में दे रहा हूँ" म्हणून तुमच्या गळ्यात येते. रिन्यू करताना गाडी नायता मुंडल्याला आरटीओत दाखवावी लागते, तेव्हा ते काम विकणाऱ्यालाच करू द्या आणि मगच पैसे मोजा. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून स्टेटस, विमा, कर्जाचा बोजा हे सगळं घरी बसून दिसतं, बोनेट उघडायच्या आधी ते करा.

आता अँबॅसेडर. मला स्वतःला ती गाडी फार आवडते, मागच्या सीटवर बसल्यावर जे सुख आहे ते आजच्या कुठल्याही गाडीत नाही. पण तुम्ही मागे बसणार नाही, तुम्ही चालवणार. वजनदार, क्लच पाय दुखवणारा, लांबी सव्वाचार मीटरच्या वर, आणि पलासियाला पार्किंग शोधायचं म्हणजे रोजचा ताप. त्यात डिझेल. लहान अंतराला जुनं डिझेल घेऊ नका, ते पेट्रोलपेक्षा हळू गरम होतं, थंडीत सकाळी हीटर प्लग, मग काळा धूर, मग पीयूसीवाल्याची नाटकं. अँबॅसेडरच घ्यायची तर नव्वदच्या दशकात आलेली पेट्रोल १८०० आयएसझेड बघा, इसुझूचं इंजिन, पाच गिअर, मूळच्या १४८९ सीसीपेक्षा खूप समजूतदार. हिंदुस्तान मोटर्सचा ह्या इसुझू इंजिनांचा कारखाना आपल्या पीथमपूरलाच होता, तेव्हा त्या इंजिनावर हात बसलेले मिस्त्री ह्या भागात अजून भेटतात. पण तुमच्या कामाला नाहीच म्हणेन.

राहिली पद्मिनी आणि ८००.

पद्मिनी म्हणजे मुळात १९६४ पासून कुर्ल्याला बनलेली फियाट ११०० डिलाइट, इंजिन १०८९ सीसी, साधं, उघडं, समजेल असं. चार मीटरच्या आतली गाडी, काचा मोठ्या, चारही कोपरे बसल्या जागेवरून दिसतात, जवाहर मार्गावर ह्याची किंमत कळते. स्टिअरिंगवरचा गिअर आठवडाभरात हातात बसतो. फक्त पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा, चालत्या गाडीत टाकलात तर ती सगळ्या चौराह्याला ऐकवेल. ॲव्हरेज शहरात दहा-बाराच्या आसपास धरा, पण तुमचा रोजचा एक लिटर जाणार, त्यानं घर बुडत नाही. अडचण स्पेअरची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तोवर हिचा प्रत्येक नटबोल्ट मिळायचा, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली आणि तो ओघ आटत चाललाय. इंजिनाचं सामान अजून मिळतं, ब्रेकचं मिळतं, दरवाज्याचं हँडल, काचेचं रबर, मागच्या लाइटची काच ह्याला मात्र शोधाशोध. सियागंजमध्ये आधी एक चक्कर मारून या आणि क्लच प्लेट, मास्टर सिलिंडर, वॉटर पंप, डिस्ट्रिब्युटर कॅप एवढं हातोहात मिळतं का की "मँगवाना पड़ेगा" म्हणतात ते ऐका.

बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही, आणि गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा पिऊन परत या, दुसऱ्या दिवशी जा. थंड गाडी कशी उठते हेच तर तुम्हाला रोज भोगायचंय. सुरू होताना निळा धूर आला आणि गेला तर थोडं ऑइल खाते, येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगांचं काम. ऑइल भरायचं झाकण उघडून खालची बाजू बघा, पांढरट साय धरलेली असेल तर गाडी फक्त गल्लीत फिरलीये, ते वाफेचं पाणी आहे, पण डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर हेड गास्केट, तिथून निघा. पायाखालचं मॅटिंग उचला, डिकीतलं पण, बॅटरीखालचा पत्रा बघा, दरवाज्याच्या खालच्या कडेला बोटं फिरवा. फ्रिजवरचं मॅग्नेट रुमालात गुंडाळून न्या, जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी भरलीये. इंजिन कितीही बिघडलं तरी बांधता येतं, सडक्या पत्र्यावर पैसे घालायला लागलात की अंत नाही. पुढचं चाक जॅकवर घ्यायला लावा, वर-खाली धरून हलवा, खेळ लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खीळ. किंगपिनचं काम होतं, पण भाव पाडायला उपयोगी पडतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. आपल्याकडच्या जुन्या फियाट-अँबॅसेडरमधून तो बहुतेक वेळा काढून फेकलेला असतो, मिस्त्री म्हणतो "निकाल दिया, अब गाड़ी ठंडी चलेगी" आणि मालक खूश. लांब पल्ल्याला ते कसंबसं खपतं. तुमच्या पाच किलोमीटरला तेच विष आहे, कारण मग इंजिन ऑफिस येईपर्यंत गरमच होत नाही आणि वर लिहिलेलं सगळं पाणी-पेट्रोल ऑइलमध्ये साचत राहतं. ओळखायचं कसं, गाडी थंड असताना सुरू करा आणि रेडिएटरला वरून येणारा जाड पाइप हातानं चाचपत राहा, पंख्यापासून ओढणी आणि बोटं लांब ठेवून. थर्मोस्टॅट असेल तर पाइप बराच वेळ गारच राहतो आणि मग एकदम चटका बसतो. नसेल तर पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जातो. नसेल तर नवा बसवून घ्या, वस्तू स्वस्त आहे, मिस्त्री कुरकुरेल, करू द्या. बसवल्यावर मेमध्ये गाडी तापायला लागली तर दोष रेडिएटर तुंबलेला असण्याचा आहे, तो साफ करून घ्यायचा.

घेतल्यावर रोजचं सोपं आहे. चोक ओढा, उठली की दारात दहा मिनिटं घुरघुरत ठेवू नका, हळू निघा आणि इंजिन सरळ चालायला लागलं की चोक आत. ऑइल किलोमीटरवर बदलू नका, तुमचे किलोमीटर होणारच नाहीत, दर सहा महिन्यांनी २०डब्ल्यू-५० बदलून टाका, ते दिसायला स्वच्छ असलं तरी. आठवड्यातून एकदा तिला अर्धा-पाऊण तास एका लयीत पळवा, रविवारी पोहे-जलेबी झाल्यावर राऊच्या पुढे महूपर्यंत जाऊन या, ऑइलमधलं पाणी उडतं, बॅटरी भरते आणि लेकीची पण चक्कर होते. विमा थर्ड पार्टी तर लागतोच, पण पूर्ण विमा घ्यायचा असेल तर एवढ्या जुन्या गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, ती दहा-वीस हजार लावू देऊ नका, फोटो आणि बिलं दाखवून भांडा.

८०० बद्दल तुमचे हे चुकीचं काहीच बोलत नाहीत. पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, शेवटची जानेवारी २०१४ मध्ये बनली, एवढी वर्षं एकच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, म्हणजे सामान कुठल्याही कोपऱ्यावर. पहिल्या तीन वर्षांची चौकोनी एसएस-८० आता हौशी लोकांनी महाग करून ठेवलीये, तिच्या मागे लागू नका. ८६ नंतरची, कार्बोरेटरवाली चालेल, पण रोजच्या लहान फेऱ्यांना २००० नंतरची एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली, खरं तर सगळ्यात शहाणी, चोकची कटकट नाही, थंडीत एका चावीत. घेतल्या घेतल्या टायमिंग बेल्ट बदला, किती चाललीये हे न विचारता.

माझं मत विचाराल तर ९६ ची पद्मिनी बघायला जा, पत्रा शाबूत आणि आरसी चालू असेल तर घ्या, हौस पण भागेल. पत्रा सडका निघाला तर दुसरी पद्मिनी शोधत वर्ष घालवू नका, ८०० घ्या. एक गोष्ट मात्र लेकीसाठी, पद्मिनीत ना एअरबॅग ना मागे बेल्ट, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मागच्या सीटला खांद्यावरून येणारे बेल्ट बसवून घ्या, नीट जागा वेल्ड करून, आणि तिला पुढे बसवू नका, कितीही हट्ट केला तरी. स्कूटी विकू नका. गाडी मिस्त्रीकडे असेल त्या दिवशी लागेल.

प्रश्न : काका, माझी ९७ ची झेन आहे, घरातच पहिल्यापासून. हल्ली सकाळी पेट्रोलचा वास येतो आणि सिग्नलवरून उचलताना गचके देते. मिस्त्री म्हणतो पेट्रोल खराब.
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : खराब नाही, वेगळं आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि तुमची गाडी बनली तेव्हा असं काही कोणाच्या डोक्यात पण नव्हतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, मग चिरा पडतात, आणि वास येतोय म्हणजे कुठला तरी पाइप पाझरतोय, हे आज बघा, पुढच्या आठवड्यात नाही, खाली गरम इंजिन आहे. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप एकदम बदला, इथेनॉल चालणारे मागून घ्या, एकेक करत बसू नका, आणि कार्बोरेटर उघडला की डायफ्राम आणि गास्केटची किट पण टाका. गचक्यांचं कारण असं की इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असतो, मिश्रण पातळ होतं, नव्या गाडीचा कॉम्प्युटर ते सावरून घेतो, तुमच्या कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, तेवढंच राहतं. चांगला कार्बोरेटरवाला जेट एक नंबर मोठं टाकून देईल. ॲव्हरेज थोडं पडेल ते पडेलच, नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकीला ६-७ टक्के घट धरलीये. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

प्रश्न : दिल्लीची ९६ ची पेट्रोल कॉन्टेसा अगदी पडेल भावात मिळतेय. तिथं १५ वर्षांवरची चालत नाही म्हणून विकतायत. ग्वाल्हेरला आणून ऑफिसला वापरावी का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : पडेल भाव गाडीचा आहे, नोंदणीचा नाही. एनओसी म्हणजे आरटीओचा ना-हरकत दाखला, ती खरी आणि मध्य प्रदेशच्या नावाची हवी, साइटवर गाडीचं स्टेटस चालू दिसायला हवं, चेसिस नंबरवरची धूळ स्वतः पुसून तो कागदाशी जुळवा, आणि तिथं नोंदणी रद्दच झालेली असेल तर कितीही सुंदर असली तरी सोडा. इथं आणल्यावर १२ महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावाच लागतो आणि रोड टॅक्स परत भरावा लागतो, तो किती ते आधी आरटीओत विचारून मगच सौदा करा. हे सगळं जमलं तरी १८०० सीसीची ती लांबलचक गाडी सराफ्यातून ऑफिसला नेणं, नाही हो. रविवारची गाडी म्हणून घ्यायची असेल तर वेगळी गोष्ट, तेव्हा परत लिहा.

प्रश्न : माझी फियाट मेमध्ये दुपारी रीगल चौराह्यावर हमखास बंद पडते, अर्ध्या तासानं आपोआप चालू होते. मिस्त्रीनं पेट्रोल पंप बदलला, कार्बोरेटर धुतला, फरक नाही.
– एक वाचक, टिळक नगर, इंदूर

उत्तर : दोन गोष्टींची लक्षणं एकसारखी असतात म्हणून मिस्त्री फसतो. एक म्हणजे इंजिनाच्या तापानं पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढकलत बसतो. दुसरं म्हणजे इग्निशन कॉइल तापली की आतली तार दगा देते, गार झाली की परत ठीक. पुढच्या वेळी बंद पडली की कडेला घ्या, बोनेट उघडा आणि बाटलीतल्या पाण्यानं फडकं ओलं करून फक्त पेट्रोल पंपावर ठेवा, पाणी इंजिनावर ओतायचं नाही आणि रेडिएटरच्या झाकणाला तर हातच लावायचा नाही. पाच-सात मिनिटांत उठली तर वाफच आहे, मग पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब फिरवून घ्या आणि पंपाच्या खाली जाड पॅकिंग टाका. नाही उठली तर मिस्त्रीला म्हणावं पंपाला आता हात लावू नकोस, कॉइल आणि कंडेन्सर बदल.